आत्याचा ट्रॅक्टर नामंजूर

आमच्या हिला ट्रॅक्टरचं कर्ज मंजूर झालं, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

हिच्या नावावर शेत नाही. हिला स्कूटी येते, तीही वळण आलं की पाय टेकवून. कागदपत्रांत फक्त आधार कार्ड. त्यावरचा फोटो असा की, मी नवरा असूनही ओळख पटवायला तयार होणार नाही. शिवाय आधीचेच तीन हप्ते चालू. तरीही टेबलापलीकडच्या मुलीने फाइल मिटली आणि हसून म्हणाली, "होऊन जाईल आत्या. काळजी नका करू."

हे सगळं खोटं होतं, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर सासुरवाडीहून ट्रॅक्टर बघायला माणसं यायची. वर्ध्यातल्या एका कॉमर्स कॉलेजात आमचा रोल प्ले चालला होता. रोल प्ले म्हणजे नाटक, पण पडदा आणि टाळ्या नसलेलं. मुलं फायनान्स कंपनीचे लोन ऑफिसर झाली होती आणि आमची ही कर्ज मागायला आलेली कस्टमर. तिची फाइल मीच तयार केली होती, आणि ती मुद्दाम इतकी वाईट केली होती की कोणत्याही शहाण्या माणसाने ती बघताच "नाही" म्हणावं. सकाळपासून बसलेल्या एकाही पोराने म्हटलं नाही. दुपारपर्यंत आमच्याकडे इतके ट्रॅक्टर झाले की, खरेच आले असते तर अंगणात तुळशीला जागा उरली नसती.

मी बँकेत क्रेडिट ऑफिसर होतो. हे पद ऐकायला बरं वाटतं. काम एवढंच, की समोरचा माणूस घेतलेलं कर्ज फेडू शकेल का याचा अंदाज घ्यायचा. याला अप्रेझल म्हणतात. यात एक साधं गणित असतं: माणसाच्या घरात महिन्याला जेवढं येतं, त्यातलं हप्त्यांत किती जातं. निम्म्याच्या वर जात असेल, तर आमच्यासारख्याने पेन खाली ठेवायचं. मीही ठेवत असे. पण तोंडाने "नाही" म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी "वर पाठवतो" म्हणायचो, आणि वरचे माझ्या वतीने नाही म्हणायचे. अशी छान नोकरी करून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

मग एका संध्याकाळी कॉलेजच्या प्राचार्य मॅडम घरी आल्या. त्यांना फायनान्समध्ये करिअर करू पाहणाऱ्या मुलांची एम्प्लॉयबिलिटी वाढवायची होती. एम्प्लॉयबिलिटी म्हणजे नोकरी नव्हे, नोकरी मिळण्याची लायकी. नोकरी देणं कोणाच्याच हातात राहिलं नसल्यामुळे हल्ली सगळे लायकी देतात. मॅडम म्हणाल्या, "सर, फक्त काही शनिवार." मी नाही म्हणणारच होतो. पण तेवढ्यात हिने पोहे आणले, मग चहा आणला. बाईंनी पोह्यांची तारीफ केली. आता इतकं झाल्यावर नाही कसं म्हणायचं?

पहिले दोन शनिवार मी मुलांना टाय बांधायला शिकवलं. हस्तांदोलन शिकवलं. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" शिकवलं. "व्हॉट इज युवर वीकनेस?" या प्रश्नाला सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलं, की मी फार कष्ट करतो. मागच्या बाकावर झोपलेल्या एकाला उठवून विचारलं, तर त्यानेही हेच सांगितलं. मॅडम खूश. मीही खूश. त्या खुशीत मी नागपूरला मिश्राजींना फोन लावला.

मिश्राजी म्हणजे आमच्या कॉलेजात मुलं निवडायला येणार होते ते. एका वाहनकर्ज देणाऱ्या कंपनीचे एचआर. मी त्यांना टायबद्दल सांगितलं.

"सर, टाय राहू द्या," ते म्हणाले. "आमचे पोट्टे दिवसभर बाइकवर गावोगाव फिरतात. टाय चाकात जाईल. मला येवढं सांगा, तुमचे पोट्टे नाही म्हणतात का?"

"कशाला नाही?"

"कर्जाला हो! मागच्या वेळी तुमच्या भागातले दोघं घेतले. हुशार होते. पण गावात गेले की जो भेटला तो त्यांचा मामा, नाही तर काका. सबको हां! आता वसुलीला गेले की तेच मामा घरात नसतात. नोकरी गेली पोरांची. या वेळी इंटरव्ह्यूत मी खुद कस्टमर बनून येतो. कमजोर फाइल आणतो. माझ्या तोंडावर नाही म्हणायचं. जो म्हणेल, त्याला वर्ध्याच्याच ब्रँचला घेतो. कोणीच नाही म्हटलं, तर मग पुन्हा या कॉलेजचा रस्ता बंद. बरं, भाभीजींना नमस्ते."

म्हणून हिला कॉलेजात आणलं होतं. हक्काची, फुकटची, आणि मागण्यात तरबेज असलेली दुसरी व्यक्ती माझ्या ओळखीत नव्हती.

पण गडबड वेगळीच झाली. हिला शेवटचा ट्रॅक्टर मंजूर करणारी मुलगी प्रणाली. वर्गात सगळ्यात हुशार. हप्त्याचं गणित ती बोटांवर करते. तिने फाइल उघडली, कपाळाला आठी पडली, पेन खाली ठेवलं. मी मनात म्हटलं, आली गाडी रुळावर. आणि तेवढ्यात तिने सहज विचारलं, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"माहेर आंजीचं," ही म्हणाली.

"मोठी आंजी? मी बी आंजीची!"

संपलं. हिचं माहेर आंजी, म्हणजे ही गावची लेक. प्रणालीच्या बापाच्या पिढीतली गावची लेक, म्हणजे प्रणालीची आत्या. रक्ताचं नातं नसलं तरी आमच्याकडे हे नातं पक्कं असतं. जात, वाडी, आळी काही आड येत नाही. मग घरं निघाली, विहिरी निघाल्या, शाळेतले मास्तर निघाले. आणि आत्या माहेरी काही मागायला आली, तर तिला रिकामी कोण पाठवतो? ट्रॅक्टर मंजूर.

वर्ग सुटल्यावर प्रणाली थांबली. सावंगीला दवाखान्यासमोरच्या एका मेडिकलवर ती संध्याकाळी काउंटर सांभाळते. तिथे जायची तिची घाई असते. तरी थांबली.

"सर, माझ्यानं नाई होणार का हे?"

"होईल की. न व्हायला काय झालं?"

"तुम्ही पण 'होऊन जाईल'च म्हणून राह्यले."

मग तिने सांगितलं. भाऊ पुण्याला गेला, तिकडचाच झाला. बापाच्या डोळ्यांचा इलाज सावंगीला चालू आहे. दर वेळी त्याला हात धरून आणायला प्रणालीच. वर्ध्यात कॉमर्सवाल्याला धड पगाराची नोकरी म्हणजे ही एकच चालून आलेली. ती गेली, तर तिलाही पुणं गाठावं लागणार. "मग बाबाले बसमधून कोण उतरवन, सर?"

तिने हे रडून सांगितलं असतं, तर मी काहीतरी धीर दिला असता. तिने हप्त्याचं गणित सांगावं तसं सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी बोर्डावर बंदी असलेले शब्द लिहिले: पाहू. विचारून सांगतो. होऊन जाईल. पुढच्या आठवड्यात येजा. साहेबाच्या कानावर घालतो. यांवर मोठी फुली मारली. त्याखाली माझा सिद्धांत लिहिला, की काउंटरवर नातं नाही. सर आणि मॅडम म्हणायचं, गाव विचारायचं नाही. हे मी एका इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. तिथल्या लोकांना आत्या कमी असतात.

पवनारचा अक्षय पहिला पुढे आला. त्याने सिद्धांत फारच मनावर घेतला. हिने खुर्ची ओढायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, तुमचं होऊ शकत नाही. नेक्स्ट."

"अरे, मी बसली बी नाई अजून!"

"नियम आहे, मॅडम."

"तुया हापिसात मी मेली तरी पाय नाई ठेवणार," ही म्हणाली, आणि खरंच उठली. तिला परत बसवायला मला खाली जाऊन समोसे आणावे लागले. अक्षयला मी म्हटलं, बाबा, नाही म्हणायचं आहे, हाकलायचं नाही. या कंपनीला हाच माणूस दोन वर्षांनी चांगली फाइल घेऊन परत यायला हवा असतो. तो म्हणाला, "सर, आधी सांगा, गोड बोलायचं का नाही म्हणायचं? दोन्ही एकदम कसं जमन?"

प्रश्न रास्त होता. मी नेहमीप्रमाणे "त्यावर आपण येऊच" म्हणालो. बंदीच्या यादीत हे वाक्य लिहायचं राहून गेलं होतं.

समोसे खाता खाता प्रणालीने हिला विचारलं, "आत्या, तुम्हाले कोणी नाई म्हटलं अन् राग नाई आला, असं कधी झालं का?"

हिने दुसरा समोसा उचलला. मग म्हणाली, "मले नाई. पण माह्या आईवर कोणी कधी रागावलं नाई. कोणी पायली-दोन पायली दाणे मागाले आलं अन् द्यायचं नसलं, तर ती दारातच सांगे, नाई वं बाई, औंदा जमत नाई. अन् मग म्हणे, ये, बस, चहा मांडते. ती बाई चहा पिऊन, चार गोष्टी करून जाये."

"अन् पहिले चहा पाजून मग नाई म्हटलं तर?"

"मंग तर भांडण! इतका वेळ कायले बसवलं मंग? माणूस चहा पेता पेता मनात ट्रॅक्टर चालवून राह्यते ना."

प्रणाली हसली नाही. तिने समोसा खाली ठेवला. मीही ठेवला. आयुष्यभर मी लोकांना आधी चहा पाजला, मग आशा लावली, मग फाइल वर पाठवली. क्रम चुकला होता. घरात तीस वर्षं ज्या बाईच्या हातचा चहा पितो, तिला हे कधी विचारावंसं वाटलं नाही. मी उठून बोर्डावरचा सिद्धांत पुसला.

"आत्या, परत एकदा या ना," प्रणाली म्हणाली.

ही दारापासून परत आली. "पोरी, ट्रॅक्टर पाह्यजे."

प्रणालीने फाइल बघितली. "आत्या, हे कर्ज नाई होत. तुमच्या घरी येते त्यातलं निम्म्याच्या वर आताच हप्त्यात चाललं. एक हप्ता संपू द्या, मग मी स्वतः फाइल करते. बसा, चहा सांगते."

आमची ही खुर्ची ओढून बसली. "साखर कमी," ती म्हणाली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मिश्राजी आले. टाय कोणीच बांधला नव्हता, फक्त मी बांधला होता. त्यांनी खुर्ची ओढली, चेहरा पाडला आणि असे काही बसले की मलाच त्यांना कर्ज द्यावंसं वाटलं. जुनी जीप घ्यायची आहे म्हणाले. घरचं सांगितलं, मुलीच्या शाळेचं सांगितलं. बऱ्याच मुलांनी "पाहू" म्हटलं. त्यातल्या एकाने तर बोर्डाकडे बघत म्हटलं. अक्षयने या वेळी नमस्कार करून नाही म्हटलं, पण मग घाबरून गेला आणि "बाकी साहेब ठरवतील" असं पुढे जोडून मोकळा झाला.

प्रणाली आली. मिश्राजींनी विचारलं, "बेटा, गाव कोणतं?"

"आंजी."

"अरे! माझी सासुरवाडीच आंजीची!" हे साफ खोटं. त्यांची सासुरवाडी जबलपूरकडची. पण माणूस तयारीचा होता.

प्रणाली उठून उभी राहिली. "म्हणजे तुम्ही आमच्या गावचे जावई," ती म्हणाली. "जावईबुवा, जीपचं कर्ज नाई होत. पहिलेच सांगते, म्हणजे तुम्ही उगीच आशेवर बसणार नाई. कमाई कमी, हप्ते जास्त. जुनी जीप पुन्हा दुरुस्तीचा खर्च काढन, मग एकही हप्ता भरणं नाई होणार. एक हप्ता संपल्यावर या." मग ती दाराकडे वळली आणि शिपाईकाकांना म्हणाली, "काका, आमच्या जावयासाठी चहा."

मिश्राजींनी नाटक सोडलं. "अब क्या बोलूं?" ते मला म्हणाले. "नाराज व्हायला जागाच नाही ठेवली पोरीनं."

प्रणाली निवडली गेली. अक्षयला त्यांनी वेटिंगवर ठेवलं. म्हणजे त्याला त्यांनी "पाहू" म्हटलं. कॉलेजने फ्लेक्स लावला. त्यावर प्रणालीचा फोटो लहान, मॅडमचा मध्यम आणि माझा टायसकट होता.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मला मेव्हणा आहे.

बंडू आंजीला शेती करतो, आणि अधूनमधून स्वप्नं बघतो. या वेळी त्याला जुनी गाडी घेऊन सेवाग्राम स्टेशनहून सवारी करायची होती. एका सकाळी तो घरी आला. "भाऊजी, त्या फायनान्समधी आपलीच पोरगी बसली म्हणते! गावची! मले काका म्हणते ते!"

"मग जा की तिच्याकडे," मी म्हणालो.

"तुम्ही संग चाला ना. तुमच्या शब्दाले वजन."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "जा ना. भाऊ आहे माझा. एक शब्द टाकाले काय जाते?" ज्या बाईने नाही म्हणायचा क्रम साऱ्या वर्गाला शिकवला, तिचा भाऊ आला की क्रम बदलतो, हे मला तेव्हा कळलं.

प्रणाली नोकरीत अजून प्रोबेशनवर होती. प्रोबेशन म्हणजे पगार चालू, पण भरवसा नाही. तिने केलेली एक जरी फाइल बुडाली, तरी बाहेर. पलीकडच्या केबिनमधून तिचे मॅनेजर काचेतून बघत होते. आम्हाला बघून ती उठली.

"सर! काका! या." तिने फाइल घेतली. बोटांवर गणित केलं. बंडूच्या ट्रॅक्टरचे हप्ते चालू, मोटरसायकलचे चालू, आणि सोनं तारण. तिची बोटं थांबली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मी ओळखलं. वर्गात आत्या सापडल्यावर ट्रॅक्टर मंजूर करण्याआधीचं होतं ते.

"काका, हे कर्ज नाई होत," ती म्हणाली. "ट्रॅक्टरचे हप्ते संपले की या. तवरोक गाडी घेतली, तर तिची सवारी हप्त्यालेच पुरणार नाई."

बंडूने माझ्याकडे बघितलं. आता शब्द टाकायची वेळ होती. मी घसा साफ केला. "प्रणाली, म्हणजे बघ, अगदीच नियमात बसत नसेल तर... वर एकदा विचारून पाहता येईल का?"

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "यातले दोन शब्द तुम्ही बोर्डावर खोडले होते." मग जरा मोठ्याने, "काका, बसा. चहा सांगितला."

आम्ही बसलो. चहा चांगला होता. बंडूने आंजीच्या दोन बातम्या सांगितल्या, तिच्या बाबांच्या डोळ्यांची चौकशी केली. डोळे सुधारत आहेत. मागच्या वेळी ते बसमधून स्वतः उतरले, पण तरी ती बरोबर होती. निघताना ती काकांच्या पाया पडली. काचेमागचे मॅनेजर आपल्या कामाला लागले.

घरी येताना मी बंडूचं सांत्वन करायच्या तयारीत होतो. त्याला गरज नव्हती. "पोरगी साफ बोलते," तो म्हणाला. "ते मागची ब्यांक, भाऊजी, पूर्ण उन्हाळाभर पाहू-पाहू करत राह्यली. इनं एका घडीत सांगितलं अन् चहाबी पाजला. मले राग नाई आला."

मला समाधान वाटलं. एम्प्लॉयबिलिटी म्हणतात ती हीच असावी. घरी पोचलो. हिने विचारलं, "झालं?"

"नाई झालं," बंडू म्हणाला.

"चहा पाजला ना तिनं?"

"पाजला."

"मंग ठीक आहे," ही म्हणाली आणि घरचा चहा आणला. बंडूने बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला आणि माझ्याकडे वळला.

"भाऊजी, दुसरी एक कंपनी आहे. ते देऊन राह्यली. फक्त एक गॅरंटर पाह्यजे म्हणते."

गॅरंटर म्हणजे जामीनदार. ज्याने घेतलं त्याने नाही फेडलं, की जो फेडतो तो. हा शब्द मी बँकेत असताना हजारदा लोकांना समजावून सांगितला आहे. कप हातात होता. अर्धा चहा पोटात गेला होता. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"पाहू," मी म्हणालो.

ज्यांना नाही म्हणता येतं, त्यांना फायनान्समध्ये नोकरी मिळते. ज्यांना येत नाही, त्यांना कॉलेजं शिकवायला बोलावतात.